पोर्तुगालची व्हाईट वाईन स्वस्त होणार, पण किती? ब्राह्मणपुरीच्या भरितापासून नाशिकच्या द्राक्षबागेपर्यंतचं गणित

२७ जानेवारी २०२६. दिल्लीत भारत आणि युरोपीय संघाने मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी संपल्याची घोषणा केली. व्यासपीठावर अंतोनियो कोस्टा होते. आधी पोर्तुगालचे पंतप्रधान, आता युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आणि वडिलांकडून मूळ मडगावचे. त्यांनी खिशातून ओसीआय कार्ड काढून दाखवलं आणि तेच जास्त व्हायरल झालं. त्या नादात वाईनचा विषय मागे पडला.

विषय असाय, की परदेशी वाईनवर भारतात १५० टक्के आयात शुल्क आहे. करार लागू झाला की ते आधी ७५ टक्क्यांवर येणार. मग सात वर्षांत महागड्या वाईनवर २० टक्के आणि मधल्या किमतीच्या वाईनवर ३० टक्के होणार. अडीच युरोपेक्षा स्वस्त बाटलीला मात्र कसलीच सवलत नाही.

आता हिशोब करा. बंदरावर ५०० रुपयांना पडलेली बाटली आज शुल्कासकट १२५० ची होते. ७५ टक्क्यांनी ती ८७५ ला आणि शेवटी ३० टक्क्यांनी ६५० ला पडेल. त्यावर राज्याचा कर, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा वेगळाच. त्यामुळे "निम्म्या किमतीत वाईन" वगैरे ऐकलं तर लगेच खूश होऊ नका.

यात पोर्तुगालचा माल म्हणजे मुख्यतः विन्हो व्हेर्दे. शब्दशः अर्थ हिरवी वाईन, पण रंग हिरवा नसतो, वाईन ताजी असते. देशाच्या वायव्येला, मिन्यो भागात ती बनते. एकाच द्राक्षाची नाही, तर बहुतेकदा मिश्रणाची. लोरेइरोचा फुलांसारखा वास, अरिंतोचा आंबटपणा, त्राजादुराचा मऊपणा. अल्कोहोल कमी, जिभेवर हलकी चुरचुर. तिकडे ती भाजलेल्या तारलीबरोबर आणि शिंपल्यांबरोबर पितात. तळलेल्या माशावर आपण लिंबू पिळतो, तसंच काम तिचा आंबटपणा करतो.

मग नंदुरबार जिल्ह्यातल्या ब्राह्मणपुरीत काय जमेल? तापीचा तळलेला मासा बिनधास्त जमेल. हिरव्या मिरचीचं, भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, इथेही चालेल, कारण वाईन हलकी आहे. काळ्या मसाल्याच्या शेवभाजीपुढे मात्र कुठलीच कोरडी वाईन टिकणं अवघड. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते, आणि नंदुरबारच्या मिरचीला तर तेवढंही निमित्त लागत नाही.

पण खरा प्रश्न ताटातला नाही, शेतातला आहे. वाईनची द्राक्षं खायच्या द्राक्षांसारखी बाजारात विकता येत नाहीत. दाणा बारीक, बिया मोठ्या, गिऱ्हाईक फक्त वायनरी. २००८ च्या मंदीनंतर वायनऱ्यांनी माल उचलला नाही, तेव्हा नाशिक भागातल्या शेतकऱ्यांनी बागा उपटल्या. पपई किंवा केळीचा भाव पडला की शहादा तालुक्यातल्या शेतकऱ्याचं काय होतं, हे ब्राह्मणपुरीत सांगायची गरज नाही. पण पपईला दुसरा व्यापारी तरी शोधता येतो.

राज्याने २००१ च्या धोरणापासून या धंद्याला सांभाळलंय. इथल्या वाईनला उत्पादन शुल्कात सूट दिली, पुढे व्हॅटचा परतावाही दिला. हे युरोपला कायम खुपत आलंय. २००७ मध्ये केंद्राने वाईनवरचं अतिरिक्त शुल्क काढलं आणि मूळ शुल्क १०० वरून १५० टक्के केलं. महाराष्ट्राने आयात दारूवर खास शुल्क लावलं. सप्टेंबर २००८ मध्ये युरोपने महाराष्ट्र, गोवा आणि तमिळनाडूच्या करांविरोधात जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रारच केली होती. म्हणजे दिल्लीने दार उघडलं तरी मुंबईच्या हातात कडी राहते, हा अनुभव त्यांना आहे.

अडीच युरोची अट नाशिकची ढाल आहे. स्वस्तातला युरोपीय माल अडेल. पण नाशिकची शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ ज्या किमतीला विकली जाते, त्याच्या अगदी जवळ पाच-सहा युरोच्या बाटल्या येऊन बसतील. टक्कर तिथे होईल. त्यात ऑस्ट्रेलियाही आधीच आहे. डिसेंबर २०२२ पासून तिथल्या पाच डॉलरवरच्या बाटलीचं शुल्क उतरायला लागलंय.

युरोपच्या बाटल्यांसाठी अजून सह्या आणि युरोपीय संसदेची मंजुरी लागणार आहे, आणि सात वर्षांचं घड्याळ त्यानंतरच सुरू होईल.