दिवसा झोपणाऱ्या शेजाऱ्यांसाठी भिवंडीच्या निजामपुऱ्याला आवाहन



सकाळी पाळी बदलते तेव्हा आपल्या गल्लीत दोन रांगा एकमेकींना ओलांडून जातात. एक यंत्रमागाच्या कारखान्याकडे निघालेली, दुसरी तिथून सुटलेली. सुटलेल्या माणसांच्या केसांत कापसाचे बारीक तंतू असतात, डोळे लाल असतात आणि कानांत अजून साच्यांची खडखड चालू असते. ही माणसं भिशीत, म्हणजे खाणावळीत, दोन घास खातात, खोलीवर जातात आणि आपण जागे होतो त्याच वेळी झोपायला बघतात.

माझे वडील अनेक वर्षं रातपाळीला होते. आम्ही मुलं घरात दंगा करायचो आणि ते उशी कानावर दाबून पडून राहायचे. आमच्यावर कधी ओरडले नाहीत. संध्याकाळी डबा घेऊन निघताना मात्र सकाळी आले होते तितकेच दमलेले दिसायचे. दिवसभर झोपूनही यांची झोप का पुरत नाही, हे मला तेव्हा कळायचं नाही. उत्तर कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुमच्या घरात तो होऊ नये, म्हणून लिहिते आहे.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. तेच आपल्या शरीराचं घड्याळ. रोज डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते आपली वेळ लावून घेतं. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते अंगाची ऊब सर्वांत कमी करतं, तेव्हा झोप अनावर होते. साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला नेमका त्याच वेळी तुटलेला धागा हेरायचा असतो. मग दिवस वर येतो तशी ऊब वाढत जाते आणि शरीर म्हणू लागतं, ऊठ. कामगार दमून आडवा होतो, पण आतलं घड्याळ त्याला हलवत राहतं. झोप लागते ती तुटक आणि उथळ. त्यातून घरी येताना वाटेतलं ऊन डोळ्यांवर पडलेलं असतं, म्हणजे रात्रभर कष्टाने थोडं सरकलेलं घड्याळ पुन्हा मूळ जागी जातं.

हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, ते शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने तर २००७ सालीच रातपाळीचं काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. मालकांनी, मुकादमांनी हे मनावर घ्यावं. पाळी बदलायचीच असेल तर बदल करताना मध्ये एक पूर्ण दिवस सुट्टी द्या.

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे. म्हणजे रात्री झोपणाऱ्याची काळजी कायदा घेतो. दिवसा झोपणाऱ्याची काळजी मात्र शेजाऱ्यांनीच घ्यायची आहे. माझं मागणं त्यासाठीच आहे. सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळात गल्लीत हॉर्न वाजवू नका, ड्रिल आणि कटर मशीन चालवू नका, लग्नाचा डेक संध्याकाळवर ढकला. रातपाळीच्या माणसाची कडी वाजवण्याआधी काम खरंच अडलं आहे का, ते बघा. रातपाळीच्या भावांनो, तुम्हीही सुटल्यावर नाक्यावर रेंगाळू नका. टोपी किंवा काळा चष्मा घालून सरळ घर गाठा, खिडकीला जाड गडद कापड लावा. कापडाच्या गावात तेवढं तरी मिळावं! शेवटचा चहा पहाटे तीनच्या आत घ्या. त्यातलं कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात.

आता मुलांचं. वयात येताना हे घड्याळ पुढे सरकतं, काहींचं दोन तासांपर्यंत. अकरा वाजले तरी झोप न येणारा नववीतला मुलगा हट्टी नसतो आणि सकाळी सहाला न उठणारी मुलगी आळशी नसते. त्यात आपली भिवंडी देशाच्या पश्चिमेला. भारताची प्रमाणवेळ आपल्या सूर्याच्या सुमारे ३८ मिनिटं पुढे चालते. १९०६ साली ही वेळ लागू झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी तिला विरोध केला होता. अंधारात कामावर निघायचं म्हणजे काय, ते त्यांना अंगावर कळलं होतं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि सातच्या शाळेची मुलं त्याआधीच बाकावर बसलेली असतात. २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. मोठ्या मुलांना ती सवलत नाही. खोल्या कमी, सत्रं दोन, ही शाळांची अडचण मला ठाऊक आहे. तरी पहिल्या तासाला चाचणी न ठेवणं शाळेच्या हातात आहे आणि रात्री नऊनंतर शिकवणी न ठेवणं क्लासवाल्यांच्या. आई-वडिलांनो, रात्री मोबाईल उशाशी नको. सकाळी उठल्याबरोबर मुलांना दहा मिनिटं गच्चीवर किंवा दारात उजेडात उभं करा. घड्याळ मागे आणण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

पुरेशी झोप होऊनही सकाळी अंग उचलत नसेल, झोपेत मोठं घोरणं होऊन श्वास अडकत असेल, तर उशीर न करता इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह, हेही थकव्यामागे असू शकतं.

येत्या सोमवारी ज्या घरात रातपाळीचा माणूस आहे, त्या दारावर खडूने लिहा, ‘इथे झोप चालू आहे’. मराठीत, उर्दूत, हिंदीत, तेलुगूत, जी भाषा गल्लीत वाचली जाते त्या भाषेत. गल्लीतल्या पोरांना त्याचा अर्थ मी स्वतः फिरून सांगणार आहे. कुणी सोबत आलं तर बरं होईल.

आपली,
निजामपुऱ्यातील एक रहिवासी