जपून ठेवलेली गाडी

आपल्या घरांत वस्तू जपण्याचा एक सोस असतो. वस्तू घरात आली की वापरण्याआधी तिच्यावर आच्छादन चढते. सोफ्यावर चादर आणि चादरीवर प्लॅस्टिक. काचेच्या कपाटातला चहाचा संच 'पाहुण्यांसाठी' म्हणून ठेवलेला असतो, आणि त्या संचाच्या तोलामोलाचा पाहुणा काही वर्षानुवर्षे घरी येत नाही. आमच्या शाळेत एक चांगला सूक्ष्मदर्शक होता. मुले मोडतील या भीतीने तो कपाटात कुलूपबंद राहिला. काही पावसाळ्यांनंतर बाहेर काढला, तेव्हा भिंगांवर बुरशीचे जाळे पसरलेले होते. मुलांनी तो मोडला नाही. आम्हीच जपून जपून मोडला.

हे आठवण्याचे कारण आमच्या मेहुण्यांची गाडी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, बँकेतून निवृत्त झाले आणि २०२३ साली त्यांनी एक हायब्रिड मोटार घेतली. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन जनावरे एकाच जुवाला जुंपलेली ही गाडी. तिला भिंतीतल्या प्लगला जोडावे लागत नाही. ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती ती विजेच्या रूपाने साठवते, आणि गर्दीच्या रस्त्यावर इंजिन बंद ठेवून त्याच विजेवर चालते. कल्पना नवी नाही. फर्डिनंड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास अशी जोडगाडी बनविली होती. पण ती घराघरांत पोहोचू लागली टोयोटाच्या प्रायसपासून, जी जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात बाजारात आली. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळच्या हायब्रिड गाड्या खऱ्या अर्थाने दिसू लागल्या त्या २०२२ पासून.

अण्णांनी गाडी घेतली आणि घरच्या रिवाजाप्रमाणे जपली. रोज पुसायची, वर जाड आच्छादन घालायचे आणि सणावारी बाहेर काढायची. भाजी आणायला जुनी स्कूटरच. "एवढ्याशा कामाला ती कशाला?" हे त्यांचे ठरलेले वाक्य. २०२५ च्या जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी दोघे बेंगळुरूला गेली. सात आठवडे गाडी इंदुरात आच्छादनाखाली उभी होती.

परतल्याच्या दुसऱ्या रात्री, अडीचच्या सुमारास, आक्काला दम लागला. तिला दम्याचा जुना त्रास आहे. पण त्या रात्रीची धाप निराळी होती. अण्णांनी तिला कसेबसे ओट्यापर्यंत आणले, गाडीवरचे आच्छादन ओढले आणि किल्लीचे बटण दाबले. काही नाही. दिवा लागेना, दार उघडेना. त्यांनी मला फोन केला. मी दोन गल्ल्या सोडून राहतो. धावत गेलो, कोपऱ्यावर झोपलेल्या रिक्षावाल्याला उठवले आणि आक्काला इस्पितळात नेले. वाफारा दिल्यावर पहाटेपर्यंत तिचा श्वास जागेवर आला. रिक्षावाल्याने पैसेही मोजून घेतले नाहीत. उजाडताना अण्णा बाकावर बसून एवढेच म्हणाले, "दारात गाडी उभी, आणि मी हिला रिक्षात घालून आणली."

सकाळी गाडीभोवती सल्लागार जमले. एकाने धक्का मारायला सांगितले. हायब्रिड गाडी धक्क्याने सुरू होत नाही. दुसरा म्हणाला, दोर बांधून ओढत न्या. तेही घातक, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अशा गाडीची ती चाके जमिनीवर फिरली की विजेची मोटरही फिरते, तिच्यातून वीज निर्माण होते आणि यंत्रणा बिघडू शकते. अशी गाडी पुढची चाके उचलून, शक्यतो सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. तिसऱ्याने मोठी बॅटरी गेल्याचे निदान करून अण्णांना लाखांतला आकडा ऐकविला. अण्णांचा चेहरा पाहवेना.

तेवढ्यात आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री आले. त्यांनी प्रथम अण्णांच्या हातातली प्लॅस्टिकची किल्ली घेतली आणि तिच्या पोटातून एक बारीक लोखंडी चावी काढली. ती अशाच प्रसंगासाठी दिलेली असते. तिने चालकाचे दार उघडले. ही चावी तिथे आहे हे दोन वर्षांत अण्णांना ठाऊक नव्हते. पुढच्या खणात गाडीचे माहितीपुस्तक होते. त्याचे प्लॅस्टिकचे वेष्टनही फाडलेले नव्हते.

दोष कुठे होता ते मिस्त्रींनी मल्टिमीटर लावून पाच मिनिटांत दाखविले. हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, शेकडो व्होल्टची, गाडी ओढणारी. दुसरी साधी १२ व्होल्टची, कोणत्याही मोटारीत असते तशी. इंजिन फिरविण्याचे काम मोठीच करते. पण दिवे, कुलपे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला यंत्रणेशी जोडणारे स्विच हे सारे धाकटीच्या हातात. शाळेत मास्तर हजर, मुले फाटकाशी उभी, आणि किल्ल्यांचा जुडगा असलेला शिपाईच आला नाही, तर शाळा भरत नाही. तसेच हे. बंद गाडीतही चोरघंटा, किल्लीची चाहूल घेणारे यंत्र आणि संगणक थोडी थोडी वीज पीत असतात. सात आठवड्यांत त्यांनी धाकटी रिकामी केली होती. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ म्हणजे अर्धी झाली. अण्णांच्या बॅटरीत आठसुद्धा उरले नव्हते. मोठी बॅटरी मात्र ठणठणीत होती.

मिस्त्रींनी आपली बॅटरी आणून तारा जोडल्या, आणि जोडताना मला क्रम मोठ्याने म्हणायला लावला. लाल तारेचे एक टोक निकामी बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून दूर. हा क्रम चुकून लाल-काळ्याची अदलाबदल झाली, तर फ्यूज उडण्यापासून महागडे विद्युत भाग जळण्यापर्यंत काहीही होऊ शकते. थोडा वेळ थांबून ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले, आणि समोर 'रेडी' हा शब्द उजळला. एक पथ्य त्यांनी आवर्जून सांगितले: आपल्या हायब्रिडच्या बॅटरीवरून दुसऱ्याची बंद गाडी सुरू करून देण्याचा परोपकार करू नये. तिची धाकटी बॅटरी त्या भाराची नसते.

या गडबडीत मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने बॉनेटमधल्या एका जाड नारिंगी तारेकडे हात नेला. मिस्त्रींनी तो मनगटाशी धरून मागे खेचला. "नारंगी को हाथ नहीं लगाना, बेटा," ते शांतपणे म्हणाले. घरगुती देखभालीची सीमा त्या रंगाशी संपते. नारिंगी वेष्टनाची तार म्हणजे मोठ्या दाबाची वीज. दुसऱ्या पिढीच्या प्रायसची मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची होती आणि मोटरसाठी तो दाब ५०० व्होल्टपर्यंत वाढविला जात असे. गाडी बंद केल्यावरही इन्व्हर्टरमध्ये काही वेळ वीज साठून राहते. प्रशिक्षित कारागीर रबरी हातमोजे घालतो, सुरक्षा-प्लग काढतो, काही मिनिटे थांबतो, दाब मोजून पाहतो आणि मगच हात घालतो. आपण ते धाडस करू नये. अपघातात ठेचलेल्या किंवा पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

या सीमेच्या अलीकडे मात्र आपल्या हाताने करण्याजोगे पुष्कळ आहे.

सर्वांत पहिले म्हणजे गाडी चालवावी. आठवड्यातून एकदा निदान अर्धा-पाऊण तास. ते शक्य नसेल तर 'रेडी' करून तासभर उभी ठेवावी. नुसते दिवे लागतील एवढे बटण दाबून रेडिओ ऐकत बसल्याने बॅटरी भरत नाही, उलट रिकामी होते. 'रेडी' असताना धाकटीवर साधारण १४ व्होल्ट दिसले म्हणजे ती भरते आहे. मात्र बंदिस्त गॅरेजात हे करू नये. इंजिन आपोआप सुरू होते आणि त्याचा धूर विषारी असतो. महिनाभराहून अधिक गावाला जायचे असेल तर शेजारच्या जाणत्या मुलावर हे काम सोपवावे, किंवा माहितीपुस्तकात सांगितल्याप्रमाणे धाकटीचे ऋण टोक सोडवून ठेवावे. किल्ली गाडीपासून दूर, घरात टांगावी.

दुसरे, बॉनेट उघडण्यापूर्वी 'रेडी' विझले आहे याची खात्री करावी. ही गाडी गप्प असते म्हणजे बंद असते असे नाही. बॅटरीला गरज वाटली की इंजिन एकाएकी फिरू लागते, आणि तेव्हा बोटे पट्ट्यापाशी असता कामा नयेत.

तिसरे, मोठ्या बॅटरीचा श्वास मोकळा ठेवावा. अनेक हायब्रिड गाड्यांत मागच्या आसनापाशी एक जाळी असते. तिच्यातून आतली थंड हवा घेऊन पंखा बॅटरी गार ठेवतो. माळव्यातला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि आपण त्याच जाळीवर प्रवासाच्या पिशव्या, उशा, लोणच्याच्या बरण्या रचतो. जाळी मोकळी ठेवावी आणि महिन्यातून एकदा मऊ ब्रशाने किंवा घरच्या व्हॅक्यूमने धूळ काढावी. पंख्याचा आवाज अकारण वाढला किंवा पेट्रोल जास्त लागू लागले, तर आधी ही जाळी पाहावी. उष्णता हा या बॅटरीचा मोठा शत्रू आहे. काही कंपन्या मोठ्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. त्या हमीच्या अटी एकदा सावकाश वाचाव्यात.

चौथे, ब्रेक. गाडीचा वेग बराचसा विजेची मोटरच कमी करीत असल्याने ब्रेकच्या पट्ट्या दीर्घकाळ टिकतात. पण कमी वापरामुळे चकत्यांवर गंज चढतो, विशेषतः पावसाळ्यात. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही असे पाहून, अधूनमधून जरा जोराने ब्रेक लावावा. खरखर चालूच राहिली तर कारागिराला दाखवावे. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटासारखा लांब उतार लागला, की मोठी बॅटरी भरून जाते आणि मग ती आणखी वीज घेत नाही. अशा वेळी काही गाड्यांच्या दांड्यावर असलेली 'बी' ही खूण वापरावी, म्हणजे इंजिनही गाडी आवरायला मदत करते.

बाकीची कामे जुनीच. टायरमधली हवा चाके थंड असताना, दाराच्या चौकटीवरील पट्टीप्रमाणे. तेल किलोमीटर भरले नाहीत तरी वर्ष भरले की बदलावे. छोट्या फेऱ्यांत ते पुरेसे तापत नाही आणि त्यातली ओल उडत नाही. कूलंटची टाकी एकीऐवजी दोन असू शकतात, एक इंजिनची आणि एक इन्व्हर्टरची. दोहोंची पातळी बाहेरून पाहावी, गरम असताना झाकण उघडू नये आणि नळाचे पाणी घालू नये. पेट्रोल तळाला जाऊ देऊ नये. उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर संसार मांडतात, म्हणून तिथेही आठवड्याला एक नजर टाकावी. आणि हायब्रिड यंत्रणा तपासा, असा इशारा समोर उमटला तर तो लिहून ठेवून सरळ अधिकृत कार्यशाळा गाठावी. तो आपल्या प्रयोगाचा विषय नव्हे.

अण्णांची धाकटी बॅटरी एकदा तळ गाठल्याने कायमची अशक्त झाली होती. त्याच प्रकारची नवी बसविली. त्यानंतर ते दोन दिवस गप्पच होते. तिसऱ्या दिवशी आक्का पैठणी उन्हाला दाखवीत बसली होती. दरवर्षी ती ती उलगडते आणि घडी बदलून ठेवते. एकाच घडीवर राहिली तर जर त्या रेषेवर विरते. तिने मान वर न करता म्हटले, "अहो, गाडीचीही घडी मोडायला हवी होती."

आता दर रविवारी सकाळी दोघे गाडी काढतात. कधी देवासच्या टेकडीपर्यंत, कधी नुसते पोहे खाऊन परत. गाडीवर धूळ बसते, डाव्या दाराला एक ओरखडाही आला आहे. अण्णा तो पाहतात आणि काही बोलत नाहीत. ती बारीक लोखंडी चावी कुठे असते आणि कशी काढायची, हे त्यांनी आक्काला दाखवून ठेवले आहे. तिने ती त्यांच्यासमोर तीन वेळा काढून दाखविली.

वाचकांपैकी ज्यांच्या दारात अशी गाडी असेल, त्यांनी आज संध्याकाळी एवढेच करावे. माहितीपुस्तक वेष्टनातून बाहेर काढावे आणि ती चावी शोधावी. ज्या रात्री तिची गरज पडेल, त्या रात्री पुस्तक वाचायला वेळ नसतो.