मांडव चुकला तरी चालेल, गाळे चुकवू नका

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते अध्यक्षांविना. जयंत नारळीकर हे संमेलनाचे पहिले विज्ञानलेखक अध्यक्ष. वय ८३, प्रकृती नाजूक, करोनाची भीती पुरती गेलेली नाही. ते आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीतल्या संमेलनस्थळापर्यंत येऊ शकले नाहीत. मुख्यमंत्रीही पडद्यावरूनच बोलले. अध्यक्षांनी तोंडही दाखवू नये, अशी नाराजी त्या तीन दिवसांत बरीच ऐकू आली. आम्हाला ती तेव्हाही पटली नव्हती. त्या वयाच्या माणसाने घरी थांबावे यात गैर काही नव्हते, आणि त्यांचे म्हणणे तर लोकांपर्यंत पोहोचलेच.

आमचा मुद्दा तिथूनच सुरू होतो. अध्यक्ष नसतानाही संमेलन पार पडले. पुस्तके विकली गेली, कविकट्ट्यावर कवींची रीघ लागली, जेवणाच्या रांगेत ओळखी झाल्या. म्हणजे ज्या मुख्य मांडवासाठी एवढा खर्च आणि एवढी भांडणे होतात, तो मांडव तारेवरून पाठवता येतो. अनेक लेखकमित्र विचारतात, ‘सगळे यूट्यूबवर दिसते, मग तीन दिवस मोडून जायचे कशाला?’ दिसते ते व्यासपीठ. लिहिणाऱ्याच्या उपयोगाचे जे असते, तिकडे कॅमेरा सहसा फिरकत नाही.

पुस्तकांच्या गाळ्यावर एका कडेला तासभर नुसते उभे राहून पाहा. वाचक पुस्तक उचलतो, मलपृष्ठ वाचतो, मग किंमत पाहतो. किंमत पाहून झाल्यावर जर त्याने पुस्तक मधूनच कुठेतरी उघडले, तर आशा आहे. अर्धे पान तो वाचतो. पहिले पान फार थोडे लोक वाचतात, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही आणि आपण तर सगळी ताकद पहिल्या पानावर लावलेली असते. मग तो शेजारच्याला काही म्हणतो आणि पुस्तक खाली ठेवतो, किंवा नाही ठेवत. पुस्तक आपले असेल तर ते ठेवणे छातीत लागते. लागू द्यावे. कुठल्याही परीक्षणापेक्षा त्या अर्ध्या मिनिटात आपल्या गद्याबद्दल जास्त कळते. गाळ्यावर बसलेला विक्रेता तर याहून जास्त सांगू शकतो. कोणत्या जिल्ह्यात काय मागतात, कवितासंग्रह कोण घेते, अनुवादित पुस्तकाला मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव असल्याने काही फरक पडतो का, हे त्याला तोंडपाठ असते. त्याला विचारणारे लेखक मात्र विरळा. बहुतेक जण स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती समोर लावल्या आहेत की मागे, एवढे तपासून पुढे जातात.

कविकट्ट्याची थट्टा सगळेच करतात. आपली कविता वाचून झाली की कवी कागदाची घडी घालून निघतो आणि शेवटच्या कवीला ऐकायला फक्त निवेदक उरतो, अशी. थट्टा खोटी नाही. तरीही नवख्या कवीने तिथे उभे राहावे असे आम्ही म्हणतो, आणि वाचून झाल्यावर निदान दहा जणांना ऐकून मगच उठावे. अनोळखी लोकांसमोर आपली ओळ कुठे अडखळते ते जिभेला लगेच कळते. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यांनी ते कळत नाही.

या भेटीगाठी संमेलनाचे जोडकाम नव्हेत, तेच मूळ काम होते. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात ग्रंथकारांना बोलावले, ते लिहिणाऱ्यांनी एकमेकांना भेटावे आणि ग्रंथांची वाढ कशी होईल ते पाहावे म्हणून. नाशिकच्या संमेलनाची यजमान संस्था लोकहितवादी मंडळच होती, हा योगायोग छान जुळला. पण त्याच परंपरेत दुसरी गोष्टही आहे. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या प्रश्नांना जागा नाही, तिथे जाण्यात त्यांना अर्थ वाटला नाही. न जाणेही विचारपूर्वक करता येते, आळसाने नव्हे, हे ध्यानात ठेवावे. २०२१ मध्ये आडगावला संमेलन चालू असतानाच शहरात केटीएचएम महाविद्यालयाच्या मैदानावर त्याच नकाराच्या वाटेवरचे पंधरावे विद्रोही साहित्य संमेलन भरले होते. विद्रोहीच्या पहिल्या, धारावीतल्या संमेलनाचे अध्यक्ष बाबुराव बागूल, आपल्या नाशिकमधल्या विहितगावचे. दोन्ही मांडवांत पाय ठेवलेल्या लेखकाला मराठी साहित्याचा जो नकाशा दिसला असेल, तो एकाच ठिकाणी बसलेल्याला दिसणे शक्य नव्हते.

मांडवाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. डिसेंबर १९७५, कराड. आणीबाणी, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. अशा सभेत अध्यक्षा दुर्गा भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सर्वांना उभे राहून प्रार्थना करायला लावली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ते किती आणि कसे येणार याचा भरवसा नव्हता. जे तिथे उभे राहिले, त्यांच्यापाशीच तो प्रसंग पुरता होता. असे क्षण मात्र वेळापत्रकात छापून येत नाहीत, आणि अलीकडे मंत्र्यांच्या भाषणांनी वेळापत्रक इतके भरलेले असते की त्या क्षणांना जागाही उरत नाही.

जाणे फुकट नसते. प्रतिनिधी शुल्क, प्रवास, रजा. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी लिहित्या हातांची द्राक्षबाग आहे आणि संमेलने बहुधा नेमकी जानेवारी-फेब्रुवारीत, बाग काढणीला आलेली असताना येतात. २०२१ ला तर संमेलनाच्या आदल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला. निफाड-दिंडोरीच्या कवींनी त्या आठवड्यात फवारणीचा पंप धरला असेल, तर त्यांना कोण काय म्हणणार? घर, मुले, म्हातारी माणसे सांभाळून लिहिणाऱ्या बाईला तीन दिवस बाहेर राहणे तर त्याहून अवघड. अशांनी दिल्ली-साताऱ्याचे संमेलन गाठलेच पाहिजे, असे आम्ही म्हणणार नाही. नाशिकच्या, १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाचा जिल्हा साहित्यिक मेळावा आहे, तो सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी घरी परतण्यासारखा. तिथे माणसे कमी असतात, पण ती पुन्हा पुन्हा भेटतात.

आयोजकांनाही एक सांगणे आहे. ग्रंथप्रदर्शन मांडवाच्या मागे, चिखलाच्या बाजूला ढकलू नका. आणि जागा शहराबाहेर घेतलीत तर रात्रीपर्यंत बसची सोय ठेवा. भाषणाला माणूस ठरवून येतो, पुस्तकांपाशी बहुतेक जण जाता जाता थांबतात. आयोजनाला आता सरकारी मदतही चांगली मिळते, तेव्हा पैशाची सबब फारशी चालणार नाही.

साताऱ्यात ९९ वे झाले. पुढचे संमेलन शंभरावे. त्याला गर्दी होणार, सत्कार होणार, शताब्दीच्या नावाने स्मरणिकाही जाडजूड निघेल. आमच्या वाचकांपैकी ज्यांना जमेल त्यांनी जावे. शक्य असेल तर आपल्या खर्चाने जावे, म्हणजे कुणाच्या मागे फिरावे लागत नाही. पिशवीत आपल्या पुस्तकाच्या चारच प्रती ठेवाव्यात आणि दुसऱ्यांची पुस्तके घ्यायला पैसे. एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकाला गाठून या वर्षी त्याला काय हवे आहे ते विचारावे. आपल्याजवळ काय तयार आहे ते नंतर सांगता येते. परतल्यावर उद्घाटनाचा वृत्तांत आमच्याकडे पाठवू नये, तो वर्तमानपत्रात येतोच. गाळ्यावर, कट्ट्यावर, निवासाच्या खोलीत काय ऐकलेत ते पाठवा. शब्दमर्यादा हजार; छापण्याजोगे असेल ते छापू.