टाकाऊ विकत कशाला आणायचं?

शाळेतली ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा आठवतेय? आदल्या रात्री बाबांना स्टेशनरीच्या दुकानात पिटाळून आपण आइस्क्रीमच्या नव्याकोऱ्या काड्यांची पाकिटं मागवायचो. म्हणजे टाकाऊ विकत आणायचं, त्यातून टिकाऊ बनवायचं आणि आठवड्याभरात तेही टाकून द्यायचं!

आपण मोठे झालो, सवय तीच राहिली. सध्या हाताने बनवलेल्या ठशांच्या रील्स जोरात आहेत. ग्रीटिंग, डायरी, टोट बॅग, सगळीकडे ठसे. मीही भुलले आणि साडेपाचशे रुपयांचं किट मागवलं. खोक्यात खोकं, त्यात बबल रॅप आणि त्यात तळहाताएवढं रबर! आमच्या कोलशेतला पूर्वी रसायनांचे कारखाने होते, आता टॉवर आहेत आणि टॉवरच्या गेटवर रोज कुरिअरच्या खोक्यांची थप्पी. त्या थप्पीत माझंही एक खोकं. ते सुक्या कचऱ्यात टाकताना ट्यूब पेटली. अरे, खरं किट तर या डब्यातच आहे!

पुठ्ठ्याचा वरचा कागद सोला, आतल्या नागमोडी रेषांचा ठसा तयार. रिकाम्या काडेपेटीला सुतळी गुंडाळा, वेगळंच टेक्श्चर मिळेल. तुटलेल्या रबरी स्लीपरचा तुकडा हवा तसा कापून बाटलीच्या झाकणाला चिकटवा, धरायला मूठही झाली. भेंडीच्या देठाकडच्या तुकड्याचं फूल तर आपण बालवाडीतच छापलंय. बटाटा कापल्यावर आधी पुसून कोरडा करा, नाहीतर रंग पसरतो. भांडी घासायच्या जुन्या स्पंजवर थोडा पोस्टर कलर ओतला, की झालं स्टॅम्प पॅड. कापडावर छापायचं असेल तर मात्र फॅब्रिक कलरच वापरा.

माझा पहिला ठसा सपशेल फसला. खोडरबरावर ‘आई’ कोरलं, वाढदिवसाच्या कार्डावर छापलं. आई म्हणाली, “छान आहे गं, पण भाषा कुठली?” ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, हे मी विसरलेच होते. त्याला सोपी युक्ती आहे. मऊ पेन्सिलीने कागदावर गडद अक्षर काढा, कागद रबरावर उपडा ठेवा आणि मागून नखाने घासा. अक्षर आपोआप उलटं उतरतं. कटर मात्र बोटांपासून लांब चालवा.

“एवढा खटाटोप कशाला? रेडीमेड मिळतं की!” असं माझी मैत्रीण म्हणते. तिला मी गणपत कृष्णाजींचं उदाहरण देते. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून या माणसाने स्वतः लाकडी यंत्र बनवलं, छपाईचा दगड इथेच शोधला, शाईही तयार केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. गोविंद नारायण माडगावकरांच्या १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’मध्ये त्यांची हकिगत आहे. विलायतेहून किट येईल म्हणून ते थांबले असते तर?

मान्य आहे, चार ठसे बनवून शहरातला कचऱ्याचा डोंगर कमी होणार नाही. कुणी ठशांचा व्यवसाय करत असेल, तर त्याला चांगलं रबर आणि अवजारं लागणारच. माझा आक्षेप आपल्यासारख्या हौशी मंडळींवर आहे. पर्यावरणाचा हॅशटॅग लावून आपण नवं प्लॅस्टिक घरी आणतो आणि त्याला क्रिएटिव्हिटी म्हणतो. खरी क्रिएटिव्हिटी तर आपण कुरिअरवाल्याच्या हवाली केली! तुटक्या स्लीपरमध्ये पान दिसणं, झाकणात मूठ दिसणं, हीच तर यातली गंमत. किटमध्ये ते सगळं आधीच दुसऱ्या कुणीतरी बघून ठेवलेलं असतं.

तेव्हा कॉलेज फेस्टच्या बॅगा असोत की दिवाळीची ग्रीटिंग्ज, ‘ॲड टू कार्ट’ करण्याआधी एकदा घरातला सुका कचरा चाळून बघा. माझ्या तुटक्या स्लीपरचा दुसरा पाय अजून शिल्लक आहे. त्यातून काय कोरू, सुचवा!