कानाचीही परीक्षा हवी

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. तरीही अकोल्या-अमरावतीची पदवीधर मुलं मुलाखतीत प्रश्नच न कळल्यामुळे गप्प बसतात, तेव्हा जीव तुटतो. दोष त्यांचा नाही. त्यांचं ऐकणं कुणी नीट तपासलंच नाही. वाचन तपासतात, पण कसं? प्रश्नातला शब्द उताऱ्यात गाठायचा, ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, की मिळाले गुण. अर्थ कळला का, हे गुलदस्त्यातच. चीनमध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्यांची देशव्यापी इंग्रजी परीक्षा १९८७पासून आहे. तिच्यात आता श्रवणाला ३५ टक्के गुण आहेत, वाचनालाही तितकेच. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने आपल्या पाचही जिल्ह्यांसाठी अशी श्रवणपरीक्षा घेण्याचं मनावर घ्यावं. त्यासाठी दर्यापूर-मूर्तिजापूरच्या कॉलेजातही एक बरा स्पीकर आणि शांत खोली सहज मिळेल.