दहा मायक्रॉनची गोष्ट

मंडळी, एक साधा प्रश्न. पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकाच्या वरून 'कट्ट... टंग' असा आवाज येतो का? येत असेल तर आपण साधारणपणे काय करतो? रेडिओचा आवाज वाढवतो. पुढच्या सर्व्हिसिंगला सांगू म्हणतो, आणि सर्व्हिसिंगच्या दिवशी नेमकं तेच सांगायचं राहतं.

बऱ्याचदा तो आवाज स्ट्रट बेअरिंगचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरची ही करामत. १९५० साली इंग्लंडमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर गाड्यांमधून ती रस्त्यावर आली आणि १९८३ च्या मारुती ८०० बरोबर आपल्या दारात. स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकाच खांबात. स्टिअरिंग वळवलं की स्प्रिंगसकट हा खांब फिरतो, पण त्याचं वरचं टोक तर गाडीच्या बॉडीला घट्ट बसवलेलं. मग फिरणार कसं? म्हणून मध्ये एक चपटं बेअरिंग. पुढच्या कोपऱ्याचं जवळजवळ सगळं वजन डोक्यावर घेऊन ते निमूट बसलेलं असतं.

आता गंमत बघा. हे बेअरिंग कधी पूर्ण फेरी मारतच नाही. चाक वळतं तेवढंच ते वळतं, आणि हायवेवर सरळ जाताना तर एकाच जागी नुसतं थरथरतं. त्यामुळे ग्रीस बाजूला सरकतं आणि पुन्हा मध्ये येत नाही. त्यात त्याची जागा चाकाच्या कमानीखाली. पावसाळ्यात चिखलाचा फवारा, उन्हाळ्यात धूळ, आणि रविवारी वॉशिंग सेंटरवाल्याच्या पाइपाचा मारा. असं बेअरिंग म्हातारपणाने क्वचितच जातं. बाहेरून काहीतरी आत शिरतं आणि मग ते जातं.

किती बारीक गोष्टीने जातं? बेअरिंगमध्ये गोळी आणि तिची वाट यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो तो साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी जाडीचा. आणि हवेच्या प्रदूषणाच्या बातम्यांमधलं पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण. म्हणजे पापुद्र्याच्या दहापट जाड दगड! वर त्यात वाळूतलं क्वार्ट्झ असेल तर ते बेअरिंगच्या कडक पोलादापेक्षाही कठीण. गोळी त्यावरून गेली की पोलादाला खड्डा पडतो, खड्ड्याच्या कडेला ताण साठतो, आणि तिथूनच पुढे पापुद्रे सुटायला लागतात. पाणी शिरलं तर ग्रीसचं लोणी होतं आणि गंज चढतो. वेगळा रस्ता, मुक्काम तोच.

बेअरिंगचं आयुष्य मोजायच्या आयएसओ २८१ या मानकाच्या २००७ च्या आवृत्तीत यासाठी चक्क एक गुणांक आहे, घाणीचा. अगदी स्वच्छ असेल तर १, फारच घाण असेल तर ०. कॅटलॉगमधला आकडा स्वच्छ जगातला असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर 'माझ्या मशीनवर तर चालतंय की!'

मग उपाय काय? सील. आणि इथेच आपल्यातले बरेच जण पटकन म्हणतील, 'मग चांगलं घट्ट सील लावा ना राव, प्रॉब्लेम काय आहे?' प्रॉब्लेम असा की रबराचा ओठ जितका घट्ट टेकवाल तितकं घर्षण वाढतं. स्टिअरिंग जड होतं, आणि वळणानंतर आपोआप सरळ व्हायला कुरकुर करतं. शिवाय तो ओठही झिजतोच. म्हणून डिझायनर दोन गोष्टी मिळून वापरतात. आत हलका टेकणारा ओठ, आणि त्याच्या बाहेर न टेकणारी वळणावळणाची अरुंद वाट, म्हणजे लॅबिरिंथ. धूळ आणि पाणी प्रत्येक वळणाला धडकतं आणि त्याचा जोर मोडतो.

लोहगडला गेला असाल तर हे लगेच समजेल. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, अशी एकामागोमाग चार दारं आणि मधली सर्पासारखी वाट. शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये, प्रत्येक वळणावर तो माऱ्यात यावा. एकट्या शेवटच्या दारावर भरवसा ठेवून गड बांधलेला नाही. ते दार दमलेल्या शत्रूसाठी आहे.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. हे शेवटचं दार मजबूत करण्यात आपला पट्टा हुशार आहे. चिंचवडला एसकेएफचा कारखाना १९६० च्या दशकात आला. पिंपरीत टाटा, चाकणला बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन, पाठोपाठ महिंद्रा. त्यांच्याभोवती रबर, प्लास्टिक आणि प्रेसचं काम करणारे शेकडो छोटे कारखाने. भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये सीलच्या ओठाची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तपासली जाते. आणि तोच माल टेम्पोत भरून गेटबाहेर पडला की? तळेगाव-चाकण रस्त्याच्या कच्च्या कडा, ताडपत्री न टाकता धावणारे खडीचे डंपर, उकरून अर्धवट बुजवलेले चर. सील बनवणारं गावच बाहेरची तीन दारं सताड उघडी टाकून बसलंय!

बरं, याचं बिल कोण भरतं? कारवाला भरतोच, पण त्याचं निदान रेडिओच्या आवाजावर भागतं. खरं बिल सेकंड शिफ्टला बाइकवर जाणाऱ्या पोराचं. बाइकच्या हँडलखाली जे बेअरिंग असतं, ज्याला गॅरेजात सगळे 'कोनसेट' म्हणतात, त्याची खालची वाटी पुढच्या चाकाच्या फवाऱ्यातच असते. बाइक बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे गोळ्या एकाच जागी आपटून वाटीला खळगे पाडतात. मग हँडल बरोबर मधोमध अडकायला लागतं. शेजारून कंटेनर जात असताना, रात्री अकरा वाजता, खड्डा चुकवायला हँडल किंचित वळवायचंय आणि ते आधी अडकतं, मग झटक्याने सुटतं. ही मेंटेनन्सची किरकोळ तक्रार नाही हो, हा जिवाचा प्रश्न आहे.

आणि तो पोरगा तीच धूळ छातीत घेतो. पीएम १० साठी आपल्या देशाने २००९ मध्ये मर्यादा ठरवली, घनमीटरला वर्षाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम. ती फुप्फुसांसाठी आहे. पण लोखंड आणि माणूस, दोघांचा शत्रू एकच निघाला. बेअरिंगसाठी निदान कोणीतरी सील डिझाइन केलं. त्या पोराच्या नाकावर एक रुमाल!

'रस्त्याचं आपल्या हातात काय आहे?' असं कोणी म्हणेल. थोडं आहे. स्ट्रट बदलताना वरचं बेअरिंगही बदला. सगळं खोललेलंच असतं, मजुरी तीच लागते, आणि स्ट्रटच्या मानाने तो पार्ट स्वस्त असतो. धुताना पाइपाची धार चाकाच्या कमानीत वरच्या टोकावर किंवा हँडलच्या मुळावर जवळून मारू देऊ नका. सील उडालेल्या पाण्यासाठी असतं, जवळून मारलेल्या धारेसाठी नाही. बाइकचा कोनसेट पावसाळ्यानंतर एकदा तपासून घ्या, पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं की मधला अडका हाताला कळतो.

बाकीचं मात्र सगळ्यांनी मिळून मागायचं आहे. कडेपर्यंत पक्का रस्ता, डंपरवर ताडपत्री, खोदलेला चर बुजवून वर डांबर. यात रॉकेट सायन्स काहीही नाही. या मागण्या आपण 'ट्रॅफिक' या एका शब्दात कोंबतो आणि ट्रॅफिक म्हटलं की फ्लायओव्हरची चर्चा सुरू होते. होऊ दे, फ्लायओव्हरही हवाच. पण तो होईपर्यंत कितीतरी कोनसेट आणि कितीतरी छात्या जातील. धूळ दाबायला तेवढी वर्षं लागत नाहीत.

असो. फार ताणत नाही. उद्या गाडी काढताना रेडिओ जरा बंद ठेवा आणि स्टिअरिंग वळवून ऐका. हँडल तपासायचं मात्र ऑफिसात, वॉचमनकाकांच्या आणि कँटीनमधल्या पोरांच्या कानावरही घाला. त्यांची बाइक आपल्या गाडीपेक्षा जास्त धूळ खाते.