अर्ज म्हणजे आर्जव नव्हे

आमच्या गांवांत 'अर्ज' हा शब्द कोणास शिकवावा लागत नाहीं. विहिरीवरच्या मोटारीस वीज पाहिजे, अर्ज करा; सातबाऱ्यावर नांव चुकलें, अर्ज करा; गारपिटीनें पीक झोडपलें, अर्ज करा. चावडीपासून तहशिलीपर्यंत शेतकऱ्याचा निम्मा जन्म अर्ज करण्यांत जातो, आणि प्रत्येक अर्जाचा सूर एकच असतो: मी गरीब आहें, मायबाप सरकारनें दया करावी. असा अर्ज कसा लिहावा हें आम्ही मास्तर लोकच मुलांस शिकवितों, आणि खालीं "आपला आज्ञाधारक" असें लिहावयास लावितों. ह्या एका वळणानें आमच्या मुलांचें केवढें नुकसान होतें, हें आम्हांस गेल्या दोन वर्षांत कळून आलें. तेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

आमच्या शाळेंतून शिकून गेलेली एक मुलगी आहे. बापाची दोन एकर कोरडवाहू जमीन, आई दुसऱ्याच्या शेतावर रोजानें जाते. मुलगी तालुक्याच्या कॉलेजांत रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पुढें जिल्ह्याच्या ठिकाणीं राहून एम्.एस्सी. झाली. आतां पीएच्.डी. करावी, संशोधनांत पडावें, असा तिचा मानस. अमेरिकेंतील विद्यापीठांत विज्ञानाच्या पीएच्.डी.स प्रवेश मिळाला म्हणजे बहुतेक ठिकाणीं फी पडत नाहीं; उलट खालच्या वर्गांस शिकविण्याबद्दल किंवा प्रयोगशाळेंतील कामाबद्दल पोटापुरतें वेतन मिळतें. ही गोष्ट आमच्या गांवांत कोणासच ठाऊक नव्हती. परदेशचें शिक्षण म्हणजे जमीन विकून काढलेलें कर्ज, एवढेंच आम्ही ऐकून होतों. मुलीला हें एका मैत्रिणीकडून कळलें आणि तिनें चार ठिकाणीं अर्ज करण्याचें ठरविलें.

अर्जाबरोबर तीन शिक्षकांचीं शिफारसपत्रें पाहिजेत. ती आपल्या शिक्षकांकडे गेली. पहिले म्हणाले, "तूंच लिहून आण, मी सही करतों." दुसऱ्यांनींही तेंच सांगितलें. तिसरे "पाहूं" म्हणाले. आतां स्वतःची स्तुति स्वतःच्या हातानें लिहावयाची, म्हणून पोरगी लाजली. तिनें शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची भाषा उचलली: विद्यार्थिनी सुशील, नियमित व आज्ञाधारक असून तिची वर्तणूक चांगली आहे. पहिल्या दोघांनीं न वाचतां हीं पत्रें पाठवून दिलीं. तिसऱ्यांचें पत्र मुदतीच्या दिवशींही गेलें नाहीं. विद्यापीठ अशा पत्राची मागणी शिक्षकाकडे परस्पर ई-मेलनें करतें. त्यांत विद्यार्थ्याच्या हातीं कांहीं नसतें. तिनें तीन वेळां फोन केला. चौथ्यांदा करण्याचा धीर झाला नाहीं. अर्ज अपुरे राहिले. वर्ष गेलें, भरलेली फी गेली, आणि घरांत सोयरिकीच्या गोष्टी सुरू झाल्या.

तेव्हां ती सगळे कागद घेऊन आमच्याकडे आली. आमचें स्वतःचें शिक्षण ट्रेनिंग कॉलेजापलीकडे गेलेलें नाहीं; पीएच्.डी.चें दार आम्हीं बाहेरूनही पाहिलेलें नाहीं. तरी आम्हीं तिचें हेतुपत्र तिच्याकडून मराठींत समजावून घेतलें. हेतुपत्र म्हणजे आपणांस काय शिकावयाचें आहे व कां, हें विद्यापीठास सांगणारें दीड-दोन पानांचें लिखाण. त्यांत काय होतें? "माझे वडील गरीब शेतकरी आहेत. परिस्थिति बेताची आहे. कृपा करून संधि द्यावी, मी आपली आभारी राहीन." इंग्रजी शब्द नवे होते, पण अर्ज तलाठ्याचाच होता! आणि तो लिहावयास शिकविणारा मास्तर तिच्यासमोर बसला होता. आम्हांस मान खालीं घालावी लागली.

आम्हीं तिला एवढेंच विचारलें, "पोरी, एम्.एस्सी.ला तूं केलेंस तरी काय?"

"गुरुजी, पांच गांवांच्या विहिरींचें पाणी तपासलें."

"तें कां?"

ती जराशी हसली. "आईची तुरीची डाळ शिजत नव्हती. आई म्हणायची, माहेरच्या विहिरीवर शिजते, इथें शिजत नाहीं. म्हणून बघितलें."

पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले म्हणजे तें पाणी जड होतें व त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, हें आमच्या बायकांस पिढ्यान् पिढ्या अनुभवानें माहीत आहे. ह्या मुलीनें पावसाळ्याआधीं व पावसाळ्यानंतर बाटल्या भरून आणल्या, क्षार मोजले, कोणत्या विहिरीचें पाणी पावसानें बदलतें व कोणत्या विहिरीचें बदलत नाहीं ह्याचा तक्ता केला. दोन विहिरी शेजारीं शेजारीं असून एकीचें पाणी बदललें व दुसरीचें बदललें नाहीं, हें कां, ह्या प्रश्नाशीं ती अडली होती. आणि हा प्रश्न पुढें सोडवावा म्हणूनच तिला पीएच्.डी. करावयाची होती! वाचकहो, ह्यांतलें एक अक्षरही तिच्या अर्जांत नव्हतें. बापाची गरिबी होती, आईची डाळ नव्हती.

येथें सगळें मर्म आहे. विद्यापीठ अर्जदारास विचारतें तें हें: तुम्हांस कशाचा शोध घ्यावयाचा आहे? आजवर त्या वाटेनें किती चाललांत? पुढें जाण्यास आमच्याकडेच कां येतां? शिक्षकाच्या पत्रांतही तेंच पाहिलें जातें: ह्या विद्यार्थ्यानें कोणता प्रश्न स्वतः काढला, प्रयोग फसला तेव्हां काय केलें, शिक्षकाची चूक कधीं दाखविली काय. आज्ञाधारकपणा हा दाखल्यावर शोभणारा गुण असेल, पण संशोधनाचें काम "हें कशावरून?" ह्या प्रश्नानें सुरू होतें, आणि तो प्रश्न गुरूलाही विचारावा लागतो. गरिबी सांगूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. कोणत्या अडचणींतून काम केलें हें एका वाक्यांत जरूर सांगावें. पण गरिबी ही हकीकत आहे, योग्यता नव्हे. योग्यता पदरीं असतां पदर पसरणें हा आपल्याच कष्टांचा अपमान आहे.

ज्यांच्या घरांत दोन-तीन पिढ्या विद्यापीठाच्या पायऱ्या चढल्या आहेत, त्यांच्या मुलांस हें जेवतां जेवतां कळतें. काका मसुदा तपासतो, आतेभाऊ तिकडे असतो तो मुदती कळवितो, बापाच्या ओळखीचे प्रोफेसर आठवडाभर आधीं पत्र पाठवितात. ह्यांत त्या मुलांचा दोष नाहीं. परंतु ह्याला बुद्धि म्हणूं नये. ही माहिती आहे, आणि ती वारशानें मिळते. पाटील-कुलकर्ण्यांचीं वतनें कायद्यानें गेलीं, पण हें माहितीचें वतन अजून चालूं आहे, आणि त्याचा दप्तरी उतारा कोणत्याही कचेरींत मिळत नाहीं.

कागदाची दक्षता कशी ठेवावी हें पाहावयाचें असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हकीकत पाहा. १९१३ सालीं सयाजीराव गायकवाड महाराजांनीं त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली व ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले, हें सर्वांस माहीत आहे. पुढची गोष्ट तितकी माहीत नाहीं. १९१६ सालीं ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें गेले, तेव्हां कोलंबियांतील त्यांचे गुरु प्रोफेसर सेलिग्मन ह्यांनीं तेथील प्रोफेसर फॉक्सवेल ह्यांस त्यांच्याविषयीं पत्र लिहिलें. "तूंच लिहून आण" असें सेलिग्मन म्हणाले नाहींत. १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपून बाबासाहेबांस अर्ध्यावर परतावें लागलें. ते नशिबास बोल लावीत बसले नाहींत. चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेविली. मग मुंबईस प्रोफेसरी करून पैसा सांठविला, राजर्षि शाहू छत्रपतींचें साहाय्य झालें, १९२० सालीं ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ सालीं डी.एस्सी. झाले. ती परवानगी घेतलेली नसती तर दार नव्यानें ठोठवावें लागलें असतें.

दुसरें उदाहरण आनंदीबाई जोशी ह्यांचें. गुण कोणाच्याही घरचा असो, तो घ्यावा. १८८३ सालीं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजास त्यांनीं अर्ज लिहिला. आपण प्रवेशाच्या सर्व अटींत बसत नाहीं हें त्यांनीं लपविलें नाहीं. पण आपल्या देशभगिनींस खरी वैद्यकीय मदत पोंचविण्याकरितां आपण आलों आहों, हा हेतु नेमका सांगितला. प्रवेश मिळाला, आणि १८८६ सालीं त्या एम्.डी. झाल्या.

आतां पैशाचें पाहूं. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ति आहे. तींत अनुसूचित जाति, विमुक्त व भटक्या जमाति, भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर ह्यांच्या मुलांकरितां मिळून दरसाल १२५ जागा ठेविल्या आहेत. राज्य सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शिष्यवृत्ति अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांकरितां आहे. योजना चांगल्या आहेत. पण त्यांचा लाभ घेण्यास विद्यापीठाचें विनाअट प्रवेशपत्र आधीं हातांत पाहिजे. म्हणजे पैशाचें दार प्रवेशाच्या दारामागें आहे. आणि त्या पहिल्या दारापर्यंत जाण्याचा खर्च? आयेल्ट्स ह्या इंग्रजीच्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरांत आहे. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठें एकेका अर्जास ७५ ते १०० डॉलर घेतात. सरकार लाखांची फी भरावयास तयार, पण अर्जाची फी रोजगारी आईनें भरावयाची, असा हा न्याय आहे. अडचण लिहून कळविली तर कित्येक विद्यापीठें अर्जाची फी सोडतात. पण हेंही आमच्या मुलांस कोणी सांगत नाहीं.

स्वदेशींही प्रकार निराळा नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच्.डी.च्या प्रवेश परीक्षेंतील लेखी भागास ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के वजन दिलें आहे. लेखींत आमचीं मुलें घोकून पार पडतात. मुलाखतींत "तुम्हांस काय शोधावयाचें आहे?" असें विचारलें म्हणजे गप्प बसतात, कारण जन्मांत तो प्रश्न त्यांस कोणी विचारलेलाच नसतो.

कोणी म्हणतील, गांवच्या शाळेचें छप्पर गळतें, तें आधीं पाहा; अमेरिकेच्या गोष्टी कशाला? ज्योतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें प्राथमिक शिक्षणाचीच बाजू मांडली होती, असा दाखलाही देतील. दाखला खरा आहे, अर्थ खोटा आहे. रयतेच्या करावर वरच्या वर्गांचें उच्च शिक्षण चालतें आणि रयतेच्या मुलास मुळाक्षरेंही मिळत नाहींत, ही ज्योतीरावांची तक्रार होती. रयतेच्या मुलानें मुळाक्षरांवरच थांबावें, असें ते कधींही म्हणाले नाहींत. छप्पर आम्हीही मागतोंच आहों. एकाच घरांत छप्पर आणि दिवा दोन्ही लागतात.

दुसरे म्हणतील, जे जातात ते परत येत नाहींत. ह्यांत तथ्य आहे, आणि गांवाचें त्यांत नुकसानही आहे. पण हा हिशोब मागावयाचा तर सर्वांकडून मागावा. पहिल्यांदाच निघालेल्या शेतकऱ्याच्या पोरीस वेशीवर अडवून मागूं नये.

मग करावें काय? पहिलें काम आम्हां शिक्षकांचें. ज्यास पत्र लिहावयाचें नसेल त्यानें तोंडावर नाहीं म्हणावें. मूल दुसरीकडे जाईल. ज्यास लिहावयाचें असेल त्यानें स्वतः लिहावें व मुदतीपूर्वीं पाठवावें. "पाहूं" म्हणून वर्ष बुडविणें हा शिक्षकाचा धर्म नव्हे. दुसरें काम कॉलेजांचें. ज्या विद्यार्थ्यांस पूर्वीं प्रवेश मिळाला त्यांचे अर्ज त्यांच्या संमतीनें ग्रंथालयांत ठेवावे, मुदतींचा तक्ता फळ्यावर लावावा. ह्यास ग्रँट लागत नाहीं. तिसरें काम पुढें गेलेल्या तरुणांचें. त्यांनीं दरसाल गांवाकडच्या दोन मुलांचे मसुदे वाचून दुरुस्त करावे. यवतमाळकडून सुरू झालेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या मुलांस असा हात देत आहे. तसे हात जिल्ह्याजिल्ह्यांत पाहिजेत. चौथें सरकारचें. शिष्यवृत्तीस पात्र अशा मुलास प्रवेश मिळाला कीं त्याची परीक्षेची व अर्जाची फी परत करावी.

आमच्यापुरतें आम्हीं एक केलें आहे. आमच्या वर्गांत पत्रलेखनाच्या तासाला आतां आणखी एक अर्ज लिहून घेतों: "मला अमुक गोष्ट शोधून काढावयाची आहे, कारण." परवां एका पोरानें लिहिलें कीं, आमच्या म्हशीचें दूध थंडींत घट्ट कां होतें हें मला बघायचें आहे. खालीं सही केली, "आज्ञाधारक" लिहिलें नाहीं. आम्हींही लिहावयास सांगितलें नाहीं.

त्या मुलीनें गेल्या डिसेंबरांत पुन्हा अर्ज केले. हेतुपत्राची सुरुवात आईच्या डाळीपासून केली. पत्रांसाठीं ह्या खेपेस ती सप्टेंबरांतच गेली. तिसऱ्या शिक्षकांकडे न जातां, जिनें तिला विहिरींचें नकाशे काढावयास शिकविलें त्या तरुण बाईंकडे गेली, आणि पत्र बाईंनीं स्वतः लिहिलें. उत्तरें फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत येतील. आज तिच्या हातीं कांहीं नाहीं. बापानें सोयरीक एप्रिलपर्यंत थांबविली आहे. चारही ठिकाणांहून नकार आला तरी तो तिच्या कामास आलेला असेल, तिच्या दारिद्र्यास नव्हे. आणि कामास आलेल्या नकारानंतर माणूस काम सुधारून पुन्हा उभा राहूं शकतो.